तिसऱ्या पानावरचा मध्यम

मिसेस डायस रागावल्या की मावळी बोलत. खरं म्हणजे त्या एरवीही मावळीच बोलत, कारण दुसरी मराठी त्यांना येतच नव्हती. जन्म लोणावळ्याच्या रेल्वे कॉलनीतला, बाप इंजिन ड्रायव्हर, पुढे नवराही इंजिन ड्रायव्हर, आणि लहानपणी सांभाळायला कुसगावची अंबूबाई. घरात इंग्रजी आणि अंबूबाईच्या कडेवर मराठी, असा सगळा प्रकार. त्यामुळे फ्रॉक घातलेली ही पिकल्या केसांची बाई बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालू लागली की मुंबईची हवा खायला आलेली मंडळी वळून वळून बघत.

"आगं, हितं न्हाई वळायचं! पयल्या पानावर वळायचं, तिसऱ्या पानावर सरळ जायचं. पुन्यांदा गेलीस का तिकडं?"

वासंतीनं हात पियानोवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. 'तिकडं' म्हणजे कुठं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही बोट तिकडेच जात होतं, हेच तर दुखणं होतं.

वासंती ही स्टेशनातल्या पार्सल क्लार्क माधवरावांची मुलगी. पंधराव्या वर्षी तिचं तळेगावात लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीनं 'पद्मजा' असं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून वासंती नावाची मुलगी सासरच्यांच्या लेखी कधी नव्हतीच. अठराव्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला. माधवरावांनी तिला लोणावळ्याला आणली. तेव्हापासून नऊ वर्षं ती बापाच्या क्वार्टरमध्ये होती. तिला तळेगावला नेली तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, परत आणली तेव्हाही नव्हतं. आपल्याकडे बाईमाणसाची ने-आण ही पार्सलासारखीच चालते. फरक एवढाच, की पार्सलाची पावती तरी मिळते.

माधवराव हौसेनं कीर्तनाला पेटीची साथ करत. त्यांच्या शेजारी बसून बसून वासंतीही पेटी वाजवायला शिकली होती. एकदा मिसेस डायसांच्या पियानोच्या तारांचं पार्सल मुंबईहून आलं, ते पोचवायला माधवराव स्वतः गेले आणि सोबत हिला घेऊन गेले. लोणावळ्याच्या पावसात पियानोचं लाकूड फुगतं, तारा गंजतात, म्हणून बाईंनी त्याच्या पोटाखाली कंदील लावून ठेवला होता. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात तसा. वासंतीनं उभ्या उभ्या उजव्या हातानं एक पद वाजवलं. डावा हात मात्र हवेतल्या हवेत पुढे-मागे हलत होता, नसलेला भाता मारत होता.

"तितं भाता न्हाई गं!" मिसेस डायस पोट धरून हसल्या. "त्यो हात बी वाजवायचाय. उपाशी ठिवलायस व्हय त्याला?"

त्याला आता सहा वर्षं झाली होती. डाव्या हाताची उपासमार कधीच संपली होती. पण यंदाच्या फाल्गुनात गोष्ट हौसेची राहिली नव्हती.

माधवरावांची नोकरी वैशाखात संपत होती. क्वार्टर सोडायचं आणि नगरला मुलाकडे जायचं. तिथं दोन खोल्या. सुनेनं पाठवलेल्या पत्रात 'मामंजींची सोय होईल' असं होतं, वासंतीचा उल्लेख नव्हता. मग तळेगावहून धाकटे दीर केशवराव यांचं कार्ड आलं. 'आईंना अर्धांगाचा झटका आला आहे. सौ. माहेरी बाळंतपणास गेली आहे. आईंचे करावयास कोणी नाही. पद्मजावहिनींस अक्षय्यतृतीयेस कायमचे न्यावयास येतो.' त्यात विचारलेलं काही नव्हतं, कळवलेलं होतं. माधवरावांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पंचांगात अक्षय्यतृतीया कुठल्या वारी येते ते पाहिलं. वासंतीला बापाचा राग आला, आणि लगेच कीवही आली.

दुसरी वाट एकच होती. मिसेस डायस रेल्वेच्या मुलींच्या शाळेत पियानो शिकवत, पण संधिवातानं त्यांची बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. त्यांची जागा वासंतीला द्यायला शाळेच्या हेडबाई तयार होत्या. जागेबरोबर आवारातली एक खोली मिळणार होती. अट एकच, विलायतेहून परीक्षक येतो त्याच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. परीक्षा चैत्रात. आणि परीक्षेत वाजवायचा होता एका सोनाटाचा पहिला भाग, तोही पाठ. प्रमाणपत्र मिळालं तर खोली, नाही तर तळेगाव.

सोनाटा म्हणजे काय हे मिसेस डायसांनी पुस्तकातून सांगून पाहिलं होतं. वासंतीचं इंग्रजी चार यत्तांचं, त्यामुळे ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं आणि अंबूबाईच्या भाषेत सुरुवात केली.

"ह्ये बग, ह्ये एक घर. घरात पयला राहतो. त्यो आल्या आल्या वर्दी देतो, मी हाय म्हून. मंग जरा येळानं वाट वळती आन दुसरी येती. दुसरी ह्या घरातली न्हवं. तिचा सूर येगळा, तिची चाल मऊ. दोगांची वळख झाली, पान संपलं. मदल्या पानावर नुसता गोंधळ. ह्याचा तुकडा, तिचा तुकडा, ओढाताण, घर कुटं ऱ्हायलं त्ये बी कळत न्हाई. आन मंग तिसऱ्या पानावर पयला घरी येतो. त्याच्या मागनं दुसरी येती. पर आता तिच्या सुरात न्हाई. घराच्या सुरात."

वासंतीला हे झटकन कळलं, कारण तिनं ते पेटीवर आणून पाहिलं. पहिल्या चालीचा सा तो घराचा सा. दुसरी चाल पंचमालाच सा करून बसते, वरच्या अंगाला, मोकळी. आणि वाट वळते ती मध्यमावर. पहिल्या पानावर मध्यम तीव्र होतो, म्हणजे उजव्या हाताचं मधलं बोट एका काळ्या पट्टीवर पडतं, की गाडी निघाली पंचमाच्या घरी. तिसऱ्या पानावर तीच वाट, तेच सूर, फक्त त्या काळ्या पट्टीवर जायचं नाही. शेजारची पांढरी दाबायची. मध्यम शुद्ध राहिला की दुसरी आपसूक घराच्या सुरात उतरते.

तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. एक्स्पोझिशन, ओळख. डेव्हलपमेंट, बाईंच्या मते गोंधळ, माझ्या मते विस्तार. रीकॅपिट्युलेशन, घरी येणे. खाली इटालियन शब्द. अलेग्रो, चपळ. डोल्चे, गोड पण लाडिक नव्हे. पोको आ पोको, हळूहळू, जिना उतरल्यासारखे. दा कापो, पुन्हा पहिल्यापासून. हे शेवटचं वाचताना तिला दर वेळी धडकी भरे. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तळेगावच्या त्या उंबऱ्यापासून.

सगळं डोक्यात शिरलं होतं, बोटात मात्र नाही. तिसऱ्या पानावर तो मध्यम आला की बोट घसरलंच काळ्यावर. एकदा तिकडे गेलं की परत येता येत नसे, कारण पुढची सगळी वाट पहिल्या पानासारखीच. वाजवत राहावं तर शेवट होतच नाही, ती पुन्हा पहिल्या पानाच्या टोकाशी उभी. मिसेस डायसांनी त्या जागी शिसपेन्सिलीनं रुळांचा सांधा काढला, दोन फाटे फुटलेला.

"माजा डायस म्हणायचा, सांध्यावर डायवरच्या हातात काय बी नसतं. रूळ जिकडं, गाडी तिकडं. पर हितं डायवर बी तूच आन सांधेवाली बी तूच. मंग आडतंय कुटं?"

वासंतीनं पेन्सिलीचा तो सांधा बोटानं गिरवला.

"कानाला काय हुतंय तितं? खरं सांग."

वासंतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला ती तिथं आवडत नाही," ती म्हणाली. "दुसरी. खाली आल्यावर."

"का गं?"

"कीर्तनात बुवा काळी एकमध्ये गातात. त्यांना तीच पट्टी सोयीची. मग मागून बायकांनी धृपद धरायचं तेही त्याच पट्टीत. आमचा आवाज तिथं निघतच नाही. गळ्याच्या खाली जातो, नुसते ओठ हलतात. लोक म्हणतात, बायका किती छान सुरात मिसळल्या. मिसळल्या कसल्या, बुडाल्या." तिचा आवाज एकदम चढला. "हिचं वर स्वतःचं घर होतं ना चांगलं? मग तिसऱ्या पानावर हिला त्याच्या घरी आणली कशाला?"

मिसेस डायस हसल्या, पण नेहमीसारखं पोट धरून नाही.

"म्हून तुजं बोट तिला घिऊन पळून जातंय व्हय? आन म्या समजत हुते, बोट येंधळं हाय. त्यो तर तिचा वकील निगाला." त्यांनी वाकड्या बोटानं तिसरं पान उलटलं. "बरं, वकीलबाई, पुडं बगा. दुसरी आल्यावर पयला पुन्यांदा कुटं दिसतोय?"

वासंतीनं शोधलं. ओळीमागून ओळ बघितली. पहिला कुठंच नव्हता. तिसऱ्या पानाच्या सुरुवातीला तो एकदा आला होता, तेवढाच. पुढे होती ती दुसरीची चाल, तिचेच तुकडे, आणि शेवटची घट्ट मिटलेली तान, तीही तिच्याच चालीतून निघालेली.

"मंग? घर त्याचं आसंल. पर निजानीज करून दार कोन लावतंय?"

"तरी आणली कशाला, ते नाही सांगितलंत," वासंती म्हणाली. तिचा हट्ट बापावर गेलेला नव्हता.

"त्ये मला न्हाई ठावं. चाळीस वर्सं वाजवतेय, मला कुनी इचारलं बी न्हाई. तूच वाजव, तुलाच कळंल."

परीक्षा शाळेच्या हॉलमध्ये झाली. फ्रॉकातल्या आठ मुली आणि नऊवारीतली पांढऱ्या कपाळाची वासंती, अशी रांग. परीक्षक साहेब उंच, लाल नाकाचा. कॉलनीतल्या आंब्यांच्या मोहोरानं तो सकाळपासून शिंकत होता आणि त्याबद्दल सगळ्या मुलींची एकेक करून माफी मागत होता. मिसेस डायस बाहेर व्हरांड्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या.

पहिलं पान नीट गेलं. पहिल्यानं वर्दी दिली, वाट वळली, दुसरी आली. मधल्या पानावरचा गोंधळ वासंतीला नेहमीच सोपा जाई, नऊ वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं? तिसऱ्या पानावर पहिला घरी आला. आता वाट. समोर कागद नव्हता, पेन्सिलीचा सांधा नव्हता. मध्यम आला आणि बोट काळ्यावर पडलं.

सहा वर्षं, खोली, शाळा, सगळं त्या एका पट्टीखाली गेलं. तळेगावच्या आईंची अंथरुणं तिच्या डोळ्यांसमोर आली. थांबावं, उठावं, साहेबाला नमस्कार करावा आणि चालू लागावं, असं एक क्षण तिला वाटलं.

पण पेटीच्या साथीत बापानं एक गोष्ट पहिल्यांदा शिकवली होती. गाणारा वाट चुकला तर साथीदारानं थांबायचं नसतं, त्याच्यामागे जायचं असतं. वासंती मागे गेली. दुसरीला तिनं तिच्याच सुरात, वरच्या अंगाला, एक अख्खी ओळ गाऊ दिली. घाई केली नाही. इतक्या दिवसांत त्या जागी ती चाल कोणी न ओरडता पुरी ऐकली, असं पहिल्यांदाच झालं. ओळ संपत आली तेव्हा वासंतीच्या कानाला घराचा सा लांबून ऐकू आला. तो वाजत नव्हता, पण होता. दुसरीचं पोट भरलं होतं. आता तिलाच तिकडे जावंसं वाटत होतं. कसं जायचं हे वासंतीला शिकवलेलं नव्हतं, पण हात पेटीवर वाढलेला होता. ज्या काळ्या पट्टीनं नेलं होतं, तिच्यावरून बोट अलगद शेजारच्या पांढरीवर आलं. तीव्र होता तो मध्यम शुद्ध झाला. चाल वळली आणि घराच्या सुरात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

खाली, पण बुडालेली नाही. कीर्तनातला दाबलेला गळा नव्हता तो. दुपारी घरात कोणी नसताना वासंती स्वतःशी गुणगुणे, तो आवाज होता. तिचा खरा आवाज एवढाच खालचा होता, आणि तिनं तो दुसऱ्या कोणाला कधी ऐकवला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं तसंच वाजवून दार लावलं.

साहेबानं शिंक आवरली. "एक ओळ तुम्ही पदरची घातलीत," तो इंग्रजीत म्हणाला.

"मी वाट चुकले, सर."

"ते कळलं मला. या जागी दुसरी चाल कुठल्या सुरात यायला हवी?"

"घराच्या, सर."

"आणि तुमची?"

वासंतीनं इंग्रजी शब्द गोळा केले. चार यत्तांत जेवढे सापडले तेवढ्यांत तिनं सांगितलं, "आधी ती स्वतःच्या घरी गेली, सर. मग आपली आपण आली. कोणी आणली नाही."

साहेबानं पेन उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग इटालियन शब्द विचारले. दा कापो विचारलं तेव्हा तिनं न अडखळता अर्थ सांगितला.

निकाल आला तो अक्षय्यतृतीयेच्या तीन दिवस आधी. वासंती पास झाली होती, पण अगदी काठावर. साहेबानं लिहिलं होतं, 'तिसऱ्या पानावर स्मृतीची चूक, मूळ कागदावर नसलेली एक ओळ, त्यासाठी गुण कापले आहेत. परंतु इतक्या चांगल्या रीतीने घरी परत आलेली चूक मी क्वचित ऐकली आहे.' मिसेस डायसांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"एका वळीपायी येवडं मार्क घालीवलं! लय श्याणी तू," म्हणाल्या आणि वासंतीला घट्ट धरून रडल्या. प्रमाणपत्रावर नाव पद्मजा होतं. वासंतीला त्याचं काही वाटलं नाही. सूर बदलला तरी चाल ओळखू येतेच.

ठरल्या दिवशी केशवराव सकाळच्या गाडीनं आले. माणूस वाईट नव्हता. सदऱ्याला गुंडी नव्हती, डोळे जागरणानं तांबारले होते, हाताला तेलाचा वास येत होता. आईला तोच चोळत असणार. क्वार्टरमध्ये माधवरावांची बांधाबांध चालली होती. दारात वासंतीची ट्रंक दोरीनं आवळून तयार होती. ती पाहून केशवरावांनी सुटकेचा श्वास टाकला.

"चला, पद्मजावहिनी. साडेअकराची गाडी मिळेल," म्हणत त्यांनी ट्रंक उचलली.

"ती शाळेत जायची आहे, भावोजी. मला तिथं नोकरी लागली."

केशवरावांनी ट्रंक हळूच खाली ठेवली. त्यांनी माधवरावांकडे पाहिलं. माधवरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पंचांगाकडे न बघता मान हलवली. खरं म्हणजे आता भांडण व्हायचं, पण केशवरावांत तेवढं त्राणच नव्हतं. ते ट्रंकेवरच बसले.

"मग आईंचं काय?" ते म्हणाले. "रोज विचारतात. तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत नाहीत, पण तुमचं नाव तेवढं कळतं."

सासूनं वासंतीला कधी प्रेमानं हाक मारली नव्हती. पण नवरा गेला त्या रात्री तिच्या उशाशी बसून राहिली होती तीही तीच.

"शनिवारी शाळा दुपारी सुटते," वासंती म्हणाली. "दुपारच्या गाडीनं येईन. आईंची वेणीफणी, न्हाणं, सगळं करीन. रविवारी संध्याकाळी परत. दर आठवड्याला."

केशवरावांचा चेहरा उजळला. "खरंच? मग शनिवारी मी येतो तुम्हाला न्यायला."

"न्यायला येऊ नका, भावोजी. माझी मी येईन."

केशवराव उठले, ट्रंक पुन्हा उचलून खांद्यावर घेतली आणि दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "शाळा कुठल्या बाजूला?"

वासंतीनं पायात वहाणा सरकवल्या आणि ती पुढे झाली.